अर्धी ओळ जाताना, अर्धी येताना

क्रोशाची सुई घेऊन बसलेल्या कुणालाही विचारा, सुईवर आत्ता किती टाके आहेत? उत्तर बहुधा 'एक' असेल. खांब घालताना दोन-तीन होतात, पण तेही निमिषभर. दोरा ओढला की पुन्हा एक. दाराचं तोरण असो, टीपॉयवरचा गोल रुमाल असो की रुखवतात मांडायचा भलामोठा टेबलक्लॉथ, कोणत्याही क्षणी उघडा टाका एकच. म्हणून तर क्रोशाकाम कुठेही थांबवता येतं, पिशवीत कोंबता येतं आणि आठ दिवसांनी जिथल्या तिथे उचलता येतं.

आता जरा खोडी काढू. टाका बंद करायचाच नाही, असं ठरवलं तर?

म्हणजे सुई घातली, दोऱ्याचा वळसा घेतला, तो ओढून वर आणला आणि सुईवर तसाच राहू दिला. शेजारच्या घरात सुई घातली, आणखी एक वळसा वर आणला, तोही राहू दिला. ओळ संपेपर्यंत हेच. सुईवर वीस, पन्नास, शंभर टाके जमतात, सगळे उघडे. मग काम न उलटवता त्याच वाटेनं माघारी यायचं आणि येताना एकेक टाका बंद करत यायचं. झाली एक ओळ. या विणीला ट्युनिशियन क्रोशा म्हणतात. तिच्यातलं जे जे थक्क करणारं आहे ते सगळं 'टाका आत्ता बंद करायचा नाही' या एवढ्याशा निर्णयातून निघालेलं आहे.

पोळ्या करायच्या दोन पद्धती असतात, त्या आठवा. कुणी एक लाटतं, लगेच भाजतं, मग दुसरी लाटायला घेतं. कुणी आधी सगळ्या लाटून ठेवतं आणि मग एका दमात भाजून काढतं. साधा क्रोशा हा पहिल्या घराण्यातला, ट्युनिशियन दुसऱ्या. आता दुसऱ्या पद्धतीत पहिली अडचण कोणती येते? लाटलेल्या पोळ्या ठेवायला जागा लागते! ट्युनिशियन क्रोशाची सुई लांब का, याचं उत्तर एवढंच आहे.

तर सुईपासूनच सुरुवात करू. नेहमीची क्रोशाची सुई जेमतेम वीतभर, मध्ये अंगठा टेकवायला चपटी जागा आणि त्यावर कोरलेला नंबर. ट्युनिशियनची सुई साधारण २५ ते ३५ सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला क्रोशाची आकडी आणि दुसऱ्या टोकाला लोकरीच्या विणकामाच्या सुईला असतं तसं बोंड, टाके मागून गळू नयेत म्हणून. चपटी जागा मात्र अजिबात नाही. आकडीच्या मानेपासून बोंडापर्यंत दांडा एकाच जाडीचा. असं का? टाक्याची रुंदी ठरते ती तो दांड्याच्या ज्या भागावर बसलाय त्या भागाच्या जाडीवरून. मध्येच दांडा चपटा किंवा फुगीर झाला तर तिथून सरकणारा प्रत्येक टाका कमी-जास्त ताणला जाणार, आणि शंभर टाक्यांच्या ओळीत ती गडबड कापडावर उमटणार.

पण दांडा लांब म्हणजे किती लांब करणार? समजा १० सेंटिमीटरमध्ये १६ टाके बसतात. बाळाचं ८० सेंटिमीटर रुंदीचं पांघरूण करायचं तर १२८ टाके एका वेळी सुईवर हवेत. ते दाटीवाटीनं बसतीलही, पण तेवढं ओझं एका काठीला लटकवून मनगटानं पेलायचं म्हणजे शिक्षाच. यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. आखूड सुईच्या मागे प्लॅस्टिकची लवचीक केबल जोडायची आणि बोंड केबलच्या टोकाला बसवायचं. टाके मागे सरकत केबलवर जातात, केबल मांडीवर पडते आणि वजन मनगटाऐवजी मांडीवर येतं. निटप्रो या भारतीय कंपनीच्या बर्च लाकडाच्या रंगीबेरंगी सुया जगभर विकल्या जातात, आणि अशी केबल जोडता येणारे ट्युनिशियन हुकही तिच्याकडे मिळतात.

नुसतं करून बघायचं असेल तर तेवढाही खर्च नको. चपटी जागा नसलेली, सरळ दांड्याची एखादी जाड क्रोशाची सुई शोधा आणि तिच्या मागच्या टोकाला रबरबँडचे चार वेढे घट्ट मारा. बोंड तयार. पंधरा-वीस टाक्यांच्या पट्टीला एवढं पुरतं.

सुईचा नंबर निवडताना मात्र नेहमीची सवय बाजूला ठेवावी लागते. लोकरीच्या वेष्टनावर ४ किंवा ५ मिलिमीटर लिहिलं असेल तर इथे एक-दोन मिलिमीटर जाड सुई घ्यायची. मध्यम जाडीच्या लोकरीला ६ किंवा ६.५ ची सुई उत्तम. ही वीण मुळातच दाट असते. बारीक सुईनं ती इतकी घट्ट होते की कापडाऐवजी पुठ्ठा हातात येतो. आणि पहिल्यांदा गडद रंग नको. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, आणि या विणीत सगळी मजा टाके दिसण्यात आहे. फिका रंग, गुळगुळीत पीळ, केसाळपणा बिलकूल नाही अशी लोकर घ्या.

आता पंधरा साखळ्या घाला. शेवटच्या साखळीनंतर सुईवर जो टाका उरतो तोच पहिल्या ओळीचा पहिला टाका. म्हणून सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा ओढून वर आणा आणि तसाच ठेवा. मग तिसऱ्या साखळीत, चौथ्या. टोकाला पोचलात की सुईवर पंधरा टाके हवेत. मोजा. साध्या क्रोशात ओळ पुरी झाल्यावर टाके मोजावे लागतात, आणि चूक सापडेपर्यंत ती विणून झालेली असते. इथे सगळे टाके बंद होण्याआधी दांड्यावर हजेरीला उभे असतात. चौदा भरले? माघारी फिरण्याआधीच कळलं.

परतीच्या फेरीत पहिल्यांदा दोऱ्याचा वळसा घ्यायचा आणि तो फक्त एका टाक्यातून काढायचा. त्यानंतर प्रत्येक वेळी वळसा घेऊन दोन टाक्यांतून, पुन्हा दोनांतून, सुईवर एकच उरेपर्यंत. शिकणाऱ्याच्या हातून नेमकी पहिली पायरी सुटते. पहिल्याच झटक्यात दोनांतून दोरा काढला जातो. त्यात काय मोठं बिघडलं, असं वाटतं. पण तो एकट्यानं काढलेला टाका म्हणजे डाव्या कडेची उंची. तो गाळला की शेवटचे दोन टाके एकात मिटतात, दर ओळीला डावीकडून एक टाका कमी होत जातो आणि चौकोनी रुमाल हळूहळू त्रिकोणाकडे झुकायला लागतो.

पहिली ओळ झाली की घाई करू नका. नमुना उजेडात डोळ्यांजवळ धरा. पुढच्या बाजूला उभ्या दोऱ्यांची रांग दिसेल, कुंपणाच्या गजांसारखी सरळ. प्रत्येक उभा दोरा म्हणजे जाताना वर ओढलेल्या टाक्याचा पुढचा पाय. त्याचा मागचा पाय मागे लपलेला असतो. नखानं पुढचा दोरा बाजूला करा, दिसेल. आता गजांच्या माथ्यावर काय आहे बघा. तिथे आडवी पडलेली एक साखळी आहे! क्रोशा शिकताना पहिल्या दिवशी घालतो ना, तीच साखळी. परतीच्या वाटेवर आपण नकळत साखळीच विणत आलो, आणि तिच्या प्रत्येक कडीनं एकेक उभा टाका माथ्याशी पकडून ठेवला.

म्हणजे हे कापड आहे तरी काय? खाली एक साखळी, वर एक साखळी, मध्ये उभे टाके. त्यावर आणखी उभे टाके, आणखी साखळी. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन वेगळे धागे लागतात, एक उभा आणि एक आडवा. इथे एकच दोरा जाताना उभा होतो आणि येताना आडवा. मग पुढून बघणाऱ्याला ते विणकराच्या मागावरचं वाटलं तर त्यात त्याचा काय दोष?

दुसऱ्या ओळीसाठी काम उलटवायचं नाही. हेही नवलच, कारण साध्या क्रोशात सपाट काम करताना दर ओळीला ते उलटवावं लागतं, आणि त्यामुळे एक ओळ सुलट, एक उलट असे पट्टे कापडावर येतात. इथे कापडाची सुलट बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्याकडेच. सगळ्यात उजवीकडचा पहिला गज सोडून द्या, कारण सुईवर उरलेला टाका त्याच्याच जागी उभा आहे. दुसऱ्या गजाखालून उजवीकडून डावीकडे सुई सरकवा, दोरा ओढा, ठेवा. पुढचा गज, पुढचा गज. अगदी डाव्या टोकाच्या टाक्यात मात्र एका दोऱ्याखालून सुई घालून भागत नाही. कडेला दोन दोरे एकमेकांना चिकटून असतात, दोन्ही उचला. एकच उचलला तर डावी कड सैल आणि दातेरी होते. दोन्ही उचलले तर तिथे साखळीसारखी नीटस किनार येते, उजव्या कडेला शोभेल अशी.

हा झाला ट्युनिशियनचा साधा टाका. चार-पाच ओळींत हाताला लय सापडते आणि मन इकडेतिकडे भटकायला मोकळं होतं. विणकामाला बसण्याचं निम्मं सुख तेच, नाही का?

ही वीण आली कुठून? नावावरून वाटतं तसा ट्युनिशियाशी तिचा संबंध जोडणारा ठोस पुरावा कुणाला सापडलेला नाही. छापील नमुन्यांत ती ठळकपणे दिसू लागते ती १८५८-५९ च्या सुमारास, युरोपात. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीचं लग्न जानेवारी १८५८ मध्ये प्रशियाच्या राजपुत्र फ्रेडरिक विल्यमशी झालं, आणि त्या काळच्या बायकांच्या मासिकांनी ही वीण चक्क नव्या नवरीच्या नावानं खपवली, 'प्रिन्सेस फ्रेडरिक विल्यम स्टिच' म्हणून. पण राजघराण्याचा तोरा फार दिवस टिकला नाही. १८८२ च्या 'डिक्शनरी ऑफ नीडलवर्क' या इंग्रजी कोशात याच विणीला रेल्वे स्टिच, फूल्स स्टिच आणि इडियट स्टिच अशीही नावं दिलेली आढळतात. राजकन्येपासून बावळटापर्यंत, तेही पंचवीस वर्षांत! शिकायला सोपी म्हणून हा अपमान. पण सोप्या गोष्टीची रचना किती चतुर असू शकते, हे त्या नावं ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. थेरेस द दिल्माँ या विदुषीला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडच्या भरतकामवाल्या बायकांना डीएमसीचा दोरा परिचयाचा आहे. त्याच डीएमसीच्या सहकार्यानं तिनं १८८६ मध्ये बायकांच्या हस्तकलांचा जाडजूड कोश काढला आणि त्यात ट्युनिशियन क्रोशाला स्वतंत्र जागा दिली.

आता त्या चतुराईचा पुढचा पदर. साध्या टाक्यासाठी आपण उभ्या गजाच्या पुढच्या पायाखालून सुई घातली. पण त्या एका गजाच्या आसपास सुई घालायला आणखी किती जागा आहेत? पुढचा आणि मागचा पाय यांच्या मधून सुई आरपार मागे काढा. पुढून जे दिसेल ते पाहून लोकरीचं विणकाम करणारी मावशीसुद्धा फसेल, कारण तिथे हुबेहूब सुलट टाक्यांचे 'व्ही' एकावर एक रचलेले असतील. आता दोरा कामाच्या पुढे आणा, गजाखालून सुई घाला, मागून वळसा घ्या. झाला उलट टाका, आडव्या गाठींचा. फक्त मागचा पाय उचला, तर आणखी वेगळा उठाव. दोन गजांच्या मधल्या मोकळ्या जागेत सुई घाला, तर सगळे टाके एका बाजूला कलायला लागतात. मग ते सावरण्यासाठी एका ओळीत पहिली जागा सोडायची आणि पुढच्या ओळीत शेवटची.

आणि परतीची फेरी? ती जशीच्या तशी! एकदा एकातून, मग दर वेळी दोनांतून. जाताना सुई कुठे शिरली एवढ्यावर कापडाचा चेहरा बदलतो आणि परत येण्यात कणाचाही फरक पडत नाही. एक साधा टाका, एक उलट टाका, असे आलटूनपालटून घेतले आणि पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल केली, की मधाच्या पोळ्यासारखी जाळी उठते. नवशिक्यानं साध्या टाक्यानंतर हीच घ्यावी असं माझं मत आहे. सुलट टाक्याच्या रुबाबाला भुलून सगळे आधी त्याच्या मागे लागतात, आणि का लागू नये ते आता सांगते.

हे कापड वळतं. अगदी हट्टानं वळतं. दहा ओळींचा नमुना टेबलावर ठेवलात की त्याची खालची कड वर येऊन गुंडाळी होते, आणि सुलट टाक्यांचं कापड तर सगळ्यात जास्त. आपलं काही चुकलं असं वाटून पुष्कळजण इथेच सुई ठेवून देतात. चूक त्यांची नसते, दोष रचनेत आहे. काम कधीच उलटवलं नाही, हे आठवतंय ना? त्याची ही किंमत. प्रत्येक ओळीतले गज पुढे आणि दोऱ्याचा जास्तीचा भार, साखळीची पाठ, गाठी हे सगळं मागे. शंभर ओळी झाल्या तरी भार मागेच साठत जातो. मागची बाजू जाड आणि लांब, पुढची त्या मानानं आखडलेली, म्हणून कापड पुढे वाकतं. साध्या क्रोशात एक ओळ इकडून, एक तिकडून असल्यानं दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलून धरतात.

उपाय याच समजुतीतून येतात. जाड सुई घेतली की ताण सैलावतो. पायाच्या साखळीत पुढून सुई घालण्याऐवजी तिच्या पाठीवरचे उंचवटे उचलले की खालची कड शांत होते. पहिल्या एक-दोन ओळी उलट टाक्यांच्या घातल्या की गाठी पुढच्या बाजूलाही येतात आणि तोल सांभाळला जातो. मधपोळ्याची जाळी का बरी, तेही इथेच कळतं. तिच्यात पुढे-मागे भार वाटलेला असतो, त्यामुळे ती फारशी वळतच नाही. शेवटी सगळं पुरं झाल्यावर कापड भिजवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबून, हव्या त्या मापात टाचण्या लावून सुकवलं की राहिलेली कुरकुरही मिटते. सुती आणि खऱ्या लोकरीत हे चांगलं जमतं. अ‍ॅक्रिलिक तेवढं ऐकत नाही.

मला स्वतःला सगळ्यात गंमत वाटते ती रंगांची. जाताना एक रंग आणि येताना दुसरा घेतला तर? डाव्या टोकाला पोचलात, आता परतीचा पहिला वळसा निळ्याऐवजी पिवळ्या दोऱ्याचा घ्या. पिवळा तुम्हाला उजवीकडे आणून सोडतो. निळा कुठे राहिला? डावीकडे. मग पुढची ओळ पिवळ्यानंच सुरू करा. डावीकडे पोचलात की तिथे निळा वाट बघत असतोच, त्यानं परत या. एकदाही दोरा तोडायचा नाही, उजव्या कडेला रंग बदलायचासुद्धा नाही. गज निळे तर साखळी पिवळी, पुढच्या ओळीत गज पिवळे तर साखळी निळी. लांबून पाहिलं तर ट्वीडचं कापड, ज्याच्यात कुठला रंग कुठे संपतो ते सांगता येत नाही.

तिसरा रंग घ्या, आणि खरी करामत तेव्हा दिसेल. निळ्यानं जा, पिवळ्यानं या, लालनं जा. आता डावीकडे कोण आहे? निळा. त्यानं परत या. उजवीकडे पिवळा थांबलाय, त्यानं जा. डावीकडे लाल. कागदावर मांडून बघा. तीन रंग दर फेरीला बदलत राहतात आणि ज्याची पाळी तो नेमका त्याच टोकाला हजर असतो. हा काही जादूटोणा नव्हे. तीन हा आकडा विषम आणि टोकं दोन, एवढ्यावरच हे जमतं. पण हातात दोरा असताना दरवेळी तो तिथे सापडतो तेव्हा हसू आल्याशिवाय राहत नाही.

मग कुणीतरी विचार केला, गज कायम निळे आणि साखळ्या कायम पिवळ्या हव्या असतील तर? सपाट कामात ते दोरा तोडल्याशिवाय होत नाही. पण दोन्ही टोकांना आकडी असलेली सुई घ्या. पायाची साखळी गोल जोडा. एका आकडीनं निळे टाके उचलत जा, सुई भरत आली की सगळे टाके दुसऱ्या टोकाकडे सरकवा, काम फिरवा, आणि त्या टोकाच्या आकडीनं पिवळ्या दोऱ्यानं बंद करत चला. दोन-तीन टाके उघडे ठेवून पुन्हा फिरवा, पुन्हा निळे उचला. निळा सतत पुढे धावतो, पिवळा सतत त्याच्या मागून येऊन टाके बंद करतो, आणि दोघे मिळून शिवण नसलेली नळी विणत जातात. टोपी, हातमोजे, बाटलीचं कव्हर, काय हवं ते. जाणं आणि येणं या दोन फेऱ्या इथे एकाच वेळी चालू असतात.

साध्या टाक्याच्या कापडाचा आणखी एक उपयोग एकोणिसाव्या शतकातल्या बायकांनी बरोबर हेरला होता. त्यातला एक टाका आणि एक ओळ मिळून जवळजवळ चौकोनी घर होतं. घरं सरळ रेषेत, उभी-आडवी. मॅटीच्या कापडावर फुली टाका घालताना जशी घरं मोजतो, तशीच ही मोजता येतात. त्यामुळे पांघरूण आधी एका रंगात विणायचं आणि मग त्यावर फुली टाक्यानं गुलाब नाहीतर मोर भरायचा. मॅटीवर भरलेले नमुने ज्यांच्या कपाटात पडून आहेत, त्यांना कागद तोच वापरता येईल.

विणण्याचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ मध्येच बनवलं, आणि आज स्वेटर यंत्रावर धडाधड निघतात. मग क्रोशाचं, ट्युनिशियनचं काम कारखान्यात का होत नाही? लोकरीच्या विणकामात पुढचा टाका ज्याच्यातून काढायचा तो टाका आधीपासून सुईवर उघडा बसलेला असतो. यंत्राला त्याची जागा ठाऊक असते. ट्युनिशियनमध्ये मागच्या ओळीचे टाके साखळीनं बंद झालेले असतात. प्रत्येक वेळी सुईला मऊ, हलत्या कापडात शिरून नेमका तोच उभा दोरा शोधावा लागतो, तोही पुढचा की मागचा हे ठरवून. तुमचा अंगठा आणि तर्जनी हे काम गप्पा मारताना करतात. यंत्राला ते फार जड जातं. याच बंद टाक्यांमुळे आणखी एक फायदा होतो. विणकामात सुईवरून टाका सुटला की शिडीसारखा खालपर्यंत उसवत जातो. इथे सुई पूर्ण निसटली तरी फक्त चालू ओळ सांडते, खालचं सगळं साखळ्यांनी धरून ठेवलेलं असतं.

आपल्या हवेत लोकरीची जाड पांघरुणं वापरायचे दिवस थोडेच. पण या विणीचा दाटपणा सुती दोऱ्यात फार कामाला येतो. बाजाराची पिशवी ताणली जात नाही. कुशनचं कव्हर आकार सोडत नाही. गरम भांड्याखाली ठेवायचं मॅट तर हिच्यासारखं दुसऱ्या विणीत होत नाही, पण तिथे सुतीच हवं, अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं वितळतं. अंगात घालायच्या कपड्याला ही वीण जरा जड. ब्लाउज करायचाच असेल तर बारीक दोरा आणि त्या मानानं बरीच जाड सुई, नाहीतर चिलखत तयार होईल.

लांब सुई अजून आली नसेल तर एक शेवटची युक्ती. सात-आठ टाक्यांचे छोटे तिरके चौकोन विणत जायचे आणि प्रत्येक नवा चौकोन शेजारच्या चौकोनाच्या कडेला विणतानाच जोडत जायचा. एका वेळी सुईवर सात-आठच टाके, त्यामुळे घरातली नेहमीची आखूड सुईही पुरते, आणि कापड मात्र टोपलीसारखं, पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गेल्यासारखं दिसतं.

काम संपवताना शेवटच्या ओळीत टाके सुईवर साठवायचे नाहीत. गजाखालून सुई घालायची, दोरा ओढायचा आणि तो लगेच सुईवरच्या टाक्यातूनही काढायचा, म्हणजे साध्या क्रोशासारखं. हे केलं नाही तर वरची कड पोकळ आणि सैल राहते. मग सभोवती मुक्या खांबांची एक फेरी, कोपऱ्यात तीन-तीन. फिक्या रंगाचा नमुना एवढा झाला की दुसऱ्यासाठी गुंडे तीन रंगांचे घ्या.